साडेतीन प्रकरणं

ईरा, गेल्या रविवारी फोनवर तू तुझ्या डिफरन्शियल इक्वेशन्सच्या प्रोफेसरबद्दल अर्धा तास तक्रार केलीस. तो फार भरभर बोलतो, फळ्यावरचं लगेच पुसतो, भेटायला गेलं तर जागेवर नसतो. मग म्हणालीस, टर्म संपली की आम्ही एक फॉर्म भरतो, त्यात प्रोफेसरला पाचांपैकी मार्क द्यायचे असतात, मी याला दोन देणार. तुझा भाऊ मागून ओरडला, एकच दे.

आमच्या वेळी असा फॉर्म नव्हता. आम्हाला अर्ज करावा लागला. तो अर्ज माझ्या अक्षरात होता, आणि ज्यांच्याविरुद्ध होता त्या सरांबद्दल तुम्हा दोघांना लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आज बसले आहे. माझ्या सवयीप्रमाणे आधी मुद्दे काढले आणि त्यांना नंबर घातले, पण उपयोग झाला नाही. सरांना स्वतःलाच काही क्रम नव्हता, त्यामुळे त्यांच्याबद्दलही क्रमाने सांगता येत नाही.

मी तेव्हा अंधेरीच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमचं घरही अंधेरीतच, पूर्वेला, कॉलेजपासून वीस मिनिटं चालत. घर आणि कॉलेज दोन्ही विमानांच्या वाटेखाली. एकोणीसशे साठनंतरची ती वर्षं, जेट विमानं नुकती यायला लागली होती, आणि ती डोक्यावरून गेली की वर्गाच्या काचा थडथडायच्या. बाकीचे प्राध्यापक आवाज चढवून पुढे बोलत राहायचे. आमचे सर थांबायचे. खडू फळ्यावर टेकलेला, तोंड किंचित उघडं. विमान गेलं की ते शांतपणे सगळा फळा पुसायचे आणि पहिल्या ओळीपासून परत सुरू करायचे.

एकदा मी धीर करून विचारलं, "सर, जिथे थांबलात तिथून पुढे का नाही?"

"तिथून सुरू केलं तर मी कुठे आहे ते कळेल," ते म्हणाले. "कुठून आलो ते कळणार नाही."

मी वहीच्या समासात प्रत्येक विमानासाठी 'वि' लिहायला लागले. एका गुरुवारी तीन 'वि' झाले आणि एकाच सिद्धतेचा पूर्वार्ध आम्ही चार वेळा ऐकला. तो पूर्वार्ध मला आजही पाठ आहे. उत्तरार्ध मी घरी पुस्तकातून वाचला.

सर उंच होते, थोडे वाकलेले. शर्टाच्या खिशात सुटे खडू ठेवायचे, त्यामुळे खिशाला कायम पांढरा डाग. मूळचे मालवणकडचे. शिकवायचे इंग्रजीत, आणि इंग्रजी अगदी स्वच्छ. पण प्रत्येक गणिताच्या शेवटी एक प्रश्न ते न चुकता आपल्या घरच्या बोलीत विचारायचे: "वाटेत कोण रवलो?" म्हणजे वाटेत कोण राहिला. वर्गात गुजराती होते, सिंधी होते, दोन मुलं तमिळ होती. वर्षाअखेरीस बाकी कुणाला काही आलं नसेल, पण हे एक मालवणी वाक्य सगळ्यांना आलं.

त्याचा अर्थ तुला कळेल, ईरा. समीकरण सोडवताना आपण दोन्ही बाजूंना y ने भागतो. भागताना y शून्य नाही असं मुकाट्याने धरतो, कारण शून्याने भागता येत नाही. पण y शून्य असला तर? बऱ्याचदा तेही त्या समीकरणाचं एक उत्तर असतं, आलेखावरची नुसती एक आडवी रेघ. कधी ते मोठ्या उत्तराच्या पोटात आपोआप येतं, कधी येत नाही. नाही आलं की ते मागेच राहतं, आणि आपण सुटलं म्हणून खाली दोन रेघा मारून मोकळे होतो. सर त्या दोन रेघा मारू द्यायचे नाहीत. "वाटेत कोण रवलो?" विचारायचे आणि आम्ही मागे जाऊन, जिथे भागलं ती जागा शोधून, त्या राहिलेल्याला घेऊन येईपर्यंत पुढचं गणित नाही.

ही सवय फळ्यापुरती असती तरी चाललं असतं. आम्ही एकदा बोरीवलीला कान्हेरीच्या लेण्यांना सहलीला गेलो. परत निघताना सरांनी डोकी मोजली. एक कमी. विरारचा एक मुलगा होता, तो दुपारीच कुणाला न सांगता परस्पर घरी गेला होता, आणि हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आम्ही सरांना तसं सांगितलंही.

"तुम्ही त्याला जाताना पाहिलंत?"

"नाही सर, पण तो नेहमी असंच करतो."

"म्हणजे तुम्ही धरून चालला आहात," ते म्हणाले, आणि एकटे परत डोंगर चढून गेले. प्रत्येक लेण्यात डोकावून दोन तासांनी खाली आले. तोवर आम्ही पायथ्याशी शेंगांची टरफलं मोजत बसलो होतो. घरी उशीर झाला म्हणून मी दोन दिवस बोलणी खाल्ली. त्या विरारच्या मुलाला मात्र सर दुसऱ्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत.

चहाचंही असंच. वस्तू थंड कशी होते याचं समीकरण पुस्तकात एका पानात आहे. सरांनी त्याला नऊ दिवस घेतले. कँटीनमधून रोज चहाचा कप मागवायचा, फिजिक्सच्या लॅबमधून आणलेला थर्मामीटर त्यात बुडवायचा आणि दर दोन मिनिटांनी कुणीतरी आकडा वाचायचा. चहा गार झाला की तो तसाच परत जायचा. पाचव्या दिवशी कँटीनवाले कामत स्वतः वर आले.

"सर, चहा बरा नाही का आमचा?"

"उत्तम आहे. फार नियमित थंड होतो."

"पण पिऊन बघा की एकदा."

"प्यायलो तर मोजू काय?"

कामत आमच्याकडे बघून म्हणाले, "पोरांनो, पास व्हायचं असेल तर स्वतःचं स्वतः बघा." ते उगीच बोलले नव्हते.

आता माझं सांगते. माझ्याकडे तीन वह्या होत्या, तिन्हींना अनुक्रमणिका. निळ्या शाईने रीत, लाल शाईने उत्तर. पुस्तकात समीकरणांचे प्रकार दिले होते, पहिला प्रकार, दुसरा प्रकार, प्रत्येकाची ठरलेली रीत. मला ते फार आवडायचं. समीकरण बघायचं, प्रकार ओळखायचा, रीत लावायची. सरांनी एकदा माझी वही हातात घेतली, पानं उलटली, बराच वेळ बघितली. मला वाटलं आता कौतुक करतील.

"अक्षर सुंदर आहे," ते म्हणाले. "वाणसामानाच्या यादीसारखं स्वच्छ."

मला राग आला, आणि तो वर्षभर टिकला. कारण माझं बरंच काही त्या विषयावर अडलं होतं. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, विमा कंपनीत हेडक्लार्क होते. शब्दाचे पक्के. मी इंटरला, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, असतानाच त्यांनी सांगून ठेवलं होतं: बी.एस्सी.ला फर्स्ट क्लास मिळाला तर एम.एस्सी. करायचं, नाही मिळाला तर ठाण्याच्या स्थळाला होकार द्यायचा. ठाण्याचा मुलगा कारखान्यात इंजिनिअर होता, वाईट काहीच नव्हता. पण मला शिकायचं होतं, आणि पुढे कॉलेजात शिकवायचं होतं. बाकीच्या पेपरांची मला धास्ती नव्हती. हा एकच पेपर असा, की ज्याची अकरा प्रकरणं होती आणि नाताळची सुट्टी संपली तरी आम्ही चौथ्या प्रकरणाच्या दारात उभे होतो.

माझी मैत्रीण कोकिळा घाटकोपरहून यायची. गुजराती, पण मराठी आमच्यापेक्षा फाडफाड.

"पोर्शन संपणार नाही गं," ती म्हणाली. "तू फर्स्ट क्लासचं विसर, आपण पास झालो तरी पेढे वाट."

"प्रिन्सिपॉलना सांगू या."

"तोंडी सांगून काय होतं? लिही. तुझं अक्षर बघूनच घाबरतील. सह्या मी आणते."

मी लिहिलं. इंग्रजीत, एक पान, चारही बाजूंना समास सोडून. अकरांपैकी फक्त चार प्रकरणं झाली आहेत, परीक्षा जवळ आली आहे, कृपया दुसरी व्यवस्था करावी. कोकिळेने दोन दिवसांत सगळ्या वर्गाच्या सह्या आणल्या.

प्रिन्सिपॉलसाहेबांनी काय करावं? तो अर्ज खुलाशासाठी सरांकडेच पाठवून दिला. आणि सर तो घेऊन वर्गात आले.

टेबलावर कागद सरळ ठेवला. मग आमच्याकडे बघितलं, म्हणजे माझ्याकडे. "इंग्रजी चांगलं आहे," ते म्हणाले. "विनंती योग्य आहे. एक विधान चूक आहे. चार प्रकरणं झालेली नाहीत. तिसऱ्याचा शेवटचा भाग आपण..."

विमान आलं. सर थांबले. बोट त्या ओळीवर, तोंड किंचित उघडं. काचा थडथडून थांबल्या, आणि मला कळलं की आता काय होणार.

"इंग्रजी चांगलं आहे," सर म्हणाले. "विनंती योग्य आहे. एक विधान चूक आहे."

सगळं आम्ही पहिल्यापासून परत ऐकलं. तिसऱ्या प्रकरणाचा शेवटचा भाग राहून गेला होता आणि चौथ्याचाही थोडा बाकी होता. सगळं धरून साडेतीन. मग त्यांनी लाल पेनाने माझ्या 'चार'वर काट मारली, वर 'साडेतीन' लिहिलं, खाली 'दुरुस्तीनंतर मजकूर खरा आहे' असं लिहून सही केली, आणि कागद प्रिन्सिपॉलना परत नेऊन दिला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

आठवड्यात आमचा वर्ग एका तरुण लेक्चररकडे गेला आणि सरांना पहिल्या वर्षाचे तास मिळाले. नव्या सरांनी सात आठवड्यांत पोर्शन संपवला. प्रकार, रीत, उदाहरण, पुढचा प्रकार. विमानं येवोत की जावोत. माझ्या वह्या भरल्या, अनुक्रमणिका पूर्ण झाल्या. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. जुने सर जिन्यात भेटले की विचारायचे, "काय गो, वाटेत कोण रवलो?" मला तो टोमणा वाटायचा. मग मी दुसऱ्या जिन्याने जायला लागले.

परीक्षेत पेपर सोपा आला. मी सगळे प्रकार ओळखले, दहा मिनिटं उरली तेव्हा उत्तरांखालच्या रेघा पट्टीने मारल्या. बाहेर पडून नाक्यापर्यंत चालत आले आणि तिथे, उसाच्या रसाच्या गाड्यापाशी, माझे पाय थांबले.

"काय झालं?" कोकिळा म्हणाली.

"तिसऱ्या प्रश्नात मी y च्या वर्गाने भागलं."

"मग? मीही भागलं."

"आणि पुढे गेले."

कोकिळेला समजायला एक क्षण लागला. मग म्हणाली, "वाट लागली. असू दे गं, एका ओळीचे किती कापतील?"

किती कापले ते मला कधीच कळलं नाही. विद्यापीठ तसं सांगत नसे. रिझल्ट लागला तेव्हा फर्स्ट क्लासला मला सहा गुण कमी होते. ते कुठे गेले याचा हिशेब मी पुढे कितीतरी वर्षं करत राहिले.

दादा रागावले नाहीत. म्हणाले, "तू अभ्यास केलास, मी बघितलंय. पण ठरलं ते ठरलं." आणि ठाण्याला पत्र लिहायला घेतलं.

ते पत्र अजून टेबलावरच होतं, त्या रविवारी सकाळी दारावर थाप पडली. मी दार उघडलं तर सर. खिशावर पांढरा डाग, हातात घडी घातलेला कागद. कोकिळा मार्कशीट आणायला कॉलेजात गेली होती, तिथे तिने सरांना सगळं सांगितलं होतं: दादांची अट, ठाणं, सहा गुण, पेपरात राहिलेली ओळ. मला विचारायची तिला गरज वाटली नव्हती.

दादा बनियनवर होते, ते घाईने शर्ट घालून आले. आईने चहा आणला. सरांनी कपाला बोटाची मागची बाजू लावून बघितली आणि कप बाजूला ठेवला.

"तुम्ही अट केव्हा घातलीत?" त्यांनी दादांना विचारलं.

"ही इंटरला असताना."

"तेव्हा तिला डिफरन्शियल इक्वेशन्स कोण शिकवणार हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही. ते कसं माहीत असणार?"

"म्हणजे शिकवणारा शिकवेल असं धरून चाललात."

"अर्थात."

"ते धरायला नको होतं," सर म्हणाले, आणि हातातल्या कागदाची घडी उलगडली. तो अर्ज होता. कुणाला ठाऊक कसा, प्रिन्सिपॉलकडून परत मागून आणला होता. "मी अकरांपैकी साडेतीन प्रकरणं शिकवली. हा लेखी पुरावा. खाली माझी सही आहे."

दादांनी वाचला. माझं अक्षर त्यांनीच कित्ता गिरवून घेऊन घडवलं होतं, ओळखायला वेळ लागला नाही.

"हे तू लिहिलंस?"

"हो दादा."

"आपल्या सरांविरुद्ध?"

"तिनेच लिहिलंय," सर मदत केल्यासारखे म्हणाले. "इंग्रजी चांगलं आहे. एक आकडा चुकला होता, तो मी..."

विमान आलं.

सर थांबले. दादांना वाटलं, सरांना भरून आलं. दादाही मान खाली घालून बसले. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण काय सांगणार? विमान गेलं.

"तुम्ही अट केव्हा घातलीत?" सरांनी विचारलं.

दादांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. दादा सभ्य माणूस, त्यांनी सगळी उत्तरं परत दिली. अर्जही परत वाचला. या वेळी सर थोडे पुढे पोचले. "भागताना तुम्ही ज्याला शून्य नाही असं धरलंत," ते म्हणाले, "तो शून्य होता. तो मी." पान नंबर सांगावा तसं सांगितलं. मग दुसरं विमान आलं. स्वयंपाकघराच्या दारात आई तोंडाला पदर लावून उभी होती, हसत होती की काय ते मला दिसलं नाही.

तिसऱ्यांदा "तुम्ही अट केव्हा..." सुरू झालं तेव्हा दादांनी हात वर केला.

"सर, मला समजलं."

"काय समजलं?"

"हेच, की माझी अट..."

"पूर्ण सांगा."

दादांनी तीस वर्षं ऑफिसात टिपणं लिहिली होती. त्यांनी घसा साफ केला. "शिकवणारा शिकवेल असं धरून मी अट घातली. तो न शिकवण्याची शक्यता मी विचारात घेतली नाही. त्यामुळे ही अट हिला लागू होत नाही."

सरांचा चेहरा असा उजळला, की तसा आमच्यापैकी एकाच्याही उत्तराने वर्षभरात उजळला नव्हता. त्यांनी कप उचलला, परत बोट लावून बघितलं, आणि तो गारढोण चहा एका दमात पिऊन टाकला. त्यांना चहा पिताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. काहीतरी बोलायला हवं होतं.

"सर, तो अर्ज..."

"बरोबर होता. चार लिहिलंस तेवढंच." मग त्यांनी विचारलं, "पेपरात 'y बरोबर शून्य' लिहायचं राहिलं म्हणे?"

"हो सर."

"आता लिही."

"आता? सर, रिझल्ट लागला."

"म्हणून काय झालं? ते अजून उत्तर आहेच," ते म्हणाले, आणि उलट्या दिशेला चालायला लागले. स्टेशन दुसरीकडे होतं. मी सांगितलं नाही. वर गेल्यावर तिसऱ्या वहीच्या शेवटच्या पानावर, लाल शाईने, ती एक ओळ लिहिली.

दादा पत्र फाडत होते. "एम.एस्सी.ला नाव घाल," ते म्हणाले. "आणि हे सर पुन्हा येणार असतील तर मला आदल्या दिवशी सांग. मी बाहेर जाईन."

सर पुन्हा आले नाहीत. मी त्यांचे आभार मानायला जाईन म्हणत राहिले, आणि एम.एस्सी. होईपर्यंत ते कॉलेज सोडून गावी गेले होते. तुमचे आजोबा त्यानंतर तीन वर्षांनी भेटले. ते ठाण्याचे नव्हेत, हे तुम्हाला माहीत आहे.

पुढे मी एकतीस वर्षं मुलुंडच्या कॉलेजात हाच विषय शिकवला. माझा पोर्शन दर वर्षी जानेवारीत संपायचा. प्रकार, रीत, उदाहरण. विमान आलं तर मी आवाज चढवायची. माझ्या वर्गातली मुलं चांगल्या मार्कांनी पास व्हायची, आणि एखादी हुशार मुलगी मधेच यायची बंद झाली, तर लग्न ठरलं असेल असं मी धरून चालायची आणि हजेरीत तिच्या नावापुढे रेघ मारायची. त्या नावांतली काही मला अजून आठवतात.

माझ्याविरुद्ध कधी कुणी अर्ज केला नाही. आणि मी कधी कुणाच्या घरी गेले नाही.